अडण्याचे ठिकाण

जूनमध्ये शाळा भरू लागल्या आणि दुसरी-तिसरीच्या वर्गशिक्षकांना मुलांविषयी विचारले, तर एक उत्तर हमखास मिळते: ‘बाकी वर्ग ठीक आहे, पण पाच-सहा मुलांना वाचता येत नाही.’ हे उत्तर प्रामाणिक असते. ते देणाऱ्या शिक्षकाला मुलांची काळजी असते आणि त्या पाच-सहा जणांना घेऊन शाळा सुटल्यावर थांबण्याची त्याची तयारीही असते. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर येते. त्या सगळ्यांना तो एकत्र बसवतो, फळ्यावर ‘अ’पासून मुळाक्षरे लिहितो आणि सर्वांकडून तीच घोकून घेतो. महिन्याभराने एखादा मुलगा पुढे सरकलेला असतो, बाकीचे होते तिथेच असतात, आणि ‘जादा तास घेऊनही फरक नाही’ असा शेरा त्यांच्या नावापुढे बसतो तो पुढची काही वर्षे तसाच राहतो.

धुळे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत लहान वर्ग शिकवण्यात माझी बहुतेक नोकरी गेली. या काळात एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली, ती अशी की वाचता न येणारी दोन मुले एकाच कारणाने अडलेली आहेत असे फार क्वचित असते. प्रत्येकाचे अडण्याचे ठिकाण वेगळे असते, आणि मुलाच्या शेजारी बसून, हातात पेन्सिल न घेता, न टोकता, त्याचे वाचन पाच-दहा मिनिटे ऐकल्याखेरीज ते ठिकाण सापडत नाही. एकदा ते सापडले की काय शिकवायचे हे बहुतेक वेळा आपोआप समोर येते.

मराठी वाचणे मोठ्यांना इतके सवयीचे झालेले असते की त्यात मुलाला काय काय ओलांडावे लागते याचा आपल्याला विसर पडतो. व्यंजने 34 धरली आणि त्यांना बाराखडी लावली, तर जोडाक्षरे सोडूनही चारशेच्या वर अक्षररूपे होतात. त्यांतली बरीचशी नियमाने चालतात हे खरे, पण नियम डोळ्यांना नेहमी सरळ दिसत नाहीत. ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना मागून येते. ‘सूर्य’ या शब्दातला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, मात्र तो वाचायचा ‘य’च्या आधी. ‘र’ एकटा वेगळा दिसतो, ‘चक्र’मध्ये वेगळा, ‘ट्रक’मध्ये वेगळा आणि ‘कुऱ्हाड’मध्ये आणखी वेगळा. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ लिहायला एकच असला तरी जिभेला दोन ठिकाणी जावे लागते, आणि कोणत्या शब्दात कुठे जायचे हे कागदावर कुठेही लिहिलेले नसते. मुलाला तो शब्द कानाने आधीच ठाऊक असेल तरच ते जमते.

याहून मोठी अडचण विभक्तीची असते आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ‘घोडा’ हा शब्द मूल आनंदाने वाचते. पुढच्या ओळीत ‘घोड्याला’ आले की तेच मूल थबकते, कारण ओळखीच्या शब्दाच्या पोटात अचानक एक जोडाक्षर उगवलेले असते. ‘झाड’ येते, पण ‘झाडावरच्यांना’ हा एकच लांबलचक शब्द त्याच्या नजरेत मावत नाही. म्हणूनच मिनिटाला किती शब्द वाचले यावरून मुलांचे वाचन मोजण्याची पद्धत मला अपुरी वाटते. लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठीचे केंद्र सरकारचे ‘निपुण भारत’ अभियान 2021 साली सुरू झाले. त्यात तिसरीच्या मुलाने समजून घेत मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत अशी अपेक्षा आहे. ध्येय चांगले आहे आणि समजण्यावर त्यात भर आहे याचे मला समाधानही आहे. पण शब्दांना प्रत्यय चिकटवणाऱ्या मराठीत 60 शब्द म्हणजे बरीच जास्त अक्षरे होतात, आणि कमी शब्द वाचणारे मूल नेमके कशाने मंदावले हे त्या आकड्यातून समजत नाही.

मी पाहिलेल्या काही मुलांविषयी लिहिले तर माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल.

एका मुलाला बाराखडी मुखोद्गत होती. ‘म’ची बाराखडी म्हण म्हटले की तो तालासुरात शेवटपर्यंत जायचा, आणि त्याच्या आधीच्या शिक्षकांनी ‘मुळाक्षरे व बाराखडी पूर्ण’ अशी नोंदही केलेली होती. पण ‘मुलगा’ हा शब्द समोर आला की तो बोटे मोजू लागायचा. ओठांची हालचाल नीट पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की ‘मु’पर्यंत पोचण्यासाठी तो मनातल्या मनात म, मा, मि, मी असे चढत होता, आणि ‘ल’ व ‘गा’साठी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करत होता. शब्दाच्या शेवटाला येईपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असायची. त्याला बाराखडी आणखी पाठ करायला लावण्याचा काहीच उपयोग नव्हता. त्याच्यासाठी आम्ही क्रमच उलटा केला. एका अक्षराला सगळी चिन्हे लावण्याऐवजी एकच चिन्ह अनेक अक्षरांना लावायचे: का, मा, ना, दा, बा, आणि लगेच काका, मामा, नाना, दादा, बाबा. घरातली सगळी माणसे त्या एका कान्यात आली. मग उकार, मग वेलांटी, आणि प्रत्येक वेळी कार्डे पिसून, म्हणजे क्रमाचा आधार त्याला सापडू नये. दिवाळीच्या सुटीआधी तो शब्द सलग वाचू लागला होता.

दुसरी एक मुलगी प्रत्येक अक्षर अचूक ओळखायची. तिने ‘सरबत’ हा शब्द असा वाचला: स, र, ब, त. चारही अक्षरांवर सारखाच जोर, चारही पूर्ण. मी विचारले, ‘काय वाचलेस?’ ती म्हणाली, ‘माहीत नाही.’ आपण बोलताना ‘सरबत’मधल्या ‘र’चा आणि ‘त’चा अकार गिळतो, आणि हे गिळणे कोणत्याही पुस्तकात छापलेले नसते. मी तिला म्हटले, हीच चार अक्षरे आता पळत म्हण. तिने दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा चेहरा उजळला आणि ती ओरडली, ‘बाई, सरबत! लिंबूनं सरबत!’ त्या दिवसापासून तिच्यासाठी एकच सराव ठेवला. तिच्या तोंडात रोज असलेले तीन-चार अक्षरी शब्द, करवत, गवत, चटकन, बसवला, आधी सावकाश आणि मग पळत. तिला अक्षरे शिकवणे म्हणजे तिला जे येते तेच पुन्हा देणे झाले असते.

आता खानदेशातल्या मुलांविषयी सांगते, कारण हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या भागात घरोघरी अहिराणी बोलली जाते. अहिराणीत मराठीतल्या ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो, डोळा हा डोया असतो आणि काळा हा काया. ‘ण’ही नसल्यासारखाच, पाणी हे पानीच. अशा घरातली मुलगी दुसरीच्या पुस्तकातले ‘शाळा’ हे ‘शाया’ असे वाचते, तेव्हा तपासणीला आलेली व्यक्ती तिच्या नावापुढे चूक अशी खूण करते. माझ्या मते ही खूण करण्याआधी एक साधी गोष्ट करून पाहायला हवी. ‘ळ’ आणि ‘य’ ही दोन कार्डे तिच्यापुढे ठेवावीत, ‘बाळ’मधले शेवटचे अक्षर कोणते आणि ‘पाय’मधले कोणते हे विचारावे. मी असे विचारलेल्या बहुतेक मुलांनी योग्य कार्डावर बोट ठेवले. म्हणजे त्यांच्या डोळ्यांनी अक्षर बरोबर ओळखले होते, अर्थ बरोबर लावला होता, आणि तो अर्थ त्यांनी आपल्या घरच्या बोलीत उच्चारला होता. या मुलांना वाचता येते. त्यांना हवी आहे ती प्रमाण उच्चारांची ओळख, आणि तीही वाचन पक्के झाल्यावर, हसतखेळत, घरच्या बोलीला जराही कमी न लेखता. वाचताना दर ओळीला थांबवून ‘शाया नाही, शाळा म्हण’ असे केले, तर मुलगी वाचायचीच थांबते. मोठ्याने वाचायचा प्रसंग आला की मान खाली घालून बसणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांपैकी अनेकींचे वाचन मुळात चांगले होते.

मात्र काही थोडी मुले कार्ड दाखवल्यावरही गोंधळतात. त्यांच्या मनात ही दोन अक्षरे खरोखरच वेगळी झालेली नसतात. त्यांच्या तोंडून निघणारा उच्चार पहिल्या मुलीसारखाच, चूक दिसायला तीच, पण त्यांची गरज अगदी निराळी. त्यांना ही दोन अक्षरे शेजारी ठेवून, गिरवून, शब्दांतून शोधून वेगळी करून द्यावी लागतात. एकच चूक दोन मुलांत दोन कारणांनी होते हे ज्या दिवशी शिक्षकाच्या ध्यानात येते, त्या दिवसापासून त्याचे ऐकणे बदलते.

याच जातीची आणखी एक ‘चूक’ आहे, जी ऐकली की मला आनंद होतो. पुस्तकात छापलेले असते, ‘मला चित्र काढायला आवडते.’ मूल वाचते, ‘मला चित्र काढायला आवडतं.’ अक्षरशः पाहिले तर शेवटचे अक्षर चुकले. पण ज्या मुलाने वाक्याचा अर्थ पकडला आहे, तेच मूल लेखी रूपाच्या जागी बोलण्यातले रूप घालू शकते. अक्षराला अक्षर जोडत चाललेले मूल असे कधीच करणार नाही, ते ‘आवडते’च वाचेल आणि काय आवडते ते त्याला सांगता येणार नाही. ज्या शिक्षकाने फक्त बरोबर-चूक मोजले, त्याच्या वहीत पहिल्या मुलाला कमी गुण पडतात आणि दुसऱ्याला जास्त.

काही मुले वाचतच नसतात, पण ते लक्षात येऊ देत नाहीत. धडा वर्गात इतक्या वेळा मोठ्याने म्हटला जातो की तो त्यांना पाठ होतो, आणि पानावर बोट फिरवत ती तो धडधडा म्हणतात. ओळखायचे कसे, तर पानाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारायचे. इतकी सोपी तपासणी आहे, तरी ती होत नाही, कारण धडधडा वाचणाऱ्या मुलाकडे आपण संशयाने पाहत नाही. या मुलांची स्मरणशक्ती उत्तम असते आणि ऐकलेल्या भाषेवर त्यांची पकड असते. तोच धडा कापून त्याच्या वाक्यपट्ट्या आणि शब्दपट्ट्या केल्या आणि पुन्हा जुळवायला दिल्या, की पाठांतराच्याच आधाराने ती खऱ्या वाचनाकडे लवकर वळतात.

सर्वांत अवघड प्रसंग मला शिरपूर तालुक्याच्या सातपुड्याकडच्या भागात आला, जिथे मुलांच्या घरची भाषा पावरी आहे. तिसरीतला एक मुलगा न अडखळता उतारा चांगला वाचत असे. वाचन तपासणीतले परिच्छेद स्तर, गोष्ट स्तर, सगळे पार. पण वाचून झाल्यावर गोष्टीत काय झाले असे विचारले की तो माझ्याकडे बघत राही, कारण त्याने वाचलेल्या शब्दांपैकी निम्मे शब्द त्याच्या जगात कधी आलेलेच नव्हते. त्याला लिपी आली होती, भाषा यायची होती. त्याच्यासाठी पुस्तक काही काळ बाजूला ठेवले. त्यानेच एक हकिकत सांगायची, त्याच्या भाषेत आणि येईल तितक्या मराठीत, आणि मी ती देवनागरीत त्याच्यासमोर लिहायची. हरवलेल्या बकरीची हकिकत त्याने सांगितली, ती ज्या शेताच्या बांधावर सापडली तिथपर्यंत. मग ते लिहिलेले त्याने वाचले आणि वाचता वाचता दोन ठिकाणी मला थांबवले, ‘असे नव्हते, बाई.’ वाचलेल्या मजकुराशी त्याने पहिल्यांदाच वाद घातला. त्यानंतर एकेका पावरी शब्दाशेजारी मराठी शब्द येत गेला. मेळघाटातल्या कोरकू मुलांपुढे तर हे अंतर याहून मोठे असते, कारण कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे आणि मराठीशी तिचे मूळचे नाते नाही. अशा मुलाला आणि अहिराणी बोलणाऱ्या मुलाला एकाच दिवशी एकच धडा एकाच रीतीने शिकवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

हा विचार आपल्याकडे नवा मुळीच नाही. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना 1926 साली झाली, आणि गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी मुलाच्या गतीने चालणारे शिक्षण या देशाच्या मातीत रुजवायला घेतले. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरे राखायला जातात तर कुरणात न्यायची, हा त्यांचा निर्णय म्हणजे मूल जिथे आहे तिथून सुरुवात करण्याचे सर्वांत ठळक रूप होते. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे केले, आणि मराठी वाचन कसे शिकवावे याचा भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेने विचार केला. वर्णमालेच्या क्रमाने जाण्याऐवजी लवकर शब्द तयार होतील असे अक्षरांचे छोटे गट घ्यावेत हा विचार आज अनेक शिक्षक वापरतात. वर्णमालेच्या क्रमाने गेले तर मुलाला ‘म’च्या आधी ‘ङ’ शिकावा लागतो, ज्याने सुरू होणारा एकही शब्द त्याला कधी वाचायला मिळणार नाही. अक्षरगटांच्या पद्धतीत हेही सोपे होते की कोणत्या मुलाला कोणता गट आला आणि कोणता नाही हे शिक्षकाला नेमके सांगता येते.

स्तरानुसार शिकवण्याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. मुंबईत 1995 साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी शाळेच्या वेळात काही तास वेगळे बसवून पायाभूत गोष्टी शिकवत असे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला, आणि मागे राहिलेल्या मुलांना याचा स्पष्ट फायदा झाल्याचे 2007 साली प्रसिद्ध केले. पुढे हरियाणात सरकारी शिक्षकांनीच रोजचा एक तास राखून, इयत्ता विसरून, मुलांना त्यांच्या वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवले, तेव्हाही फरक दिसला. हे पुरावे महत्त्वाचे आहेत, कारण इयत्तेच्या पुस्तकामागे धावण्यापेक्षा मुलाच्या पातळीला धरून शिकवणे परवडते आणि जमते असे त्यांनी दाखवून दिले. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित घरोघरी जाऊन तपासणारी ‘असर’ची पाहणी 2005 पासून होते, तिने तर प्रत्येक गावातल्या पालकाला समजेल असे पाच स्तर दिले: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2022 मध्ये हे प्रमाण 16.3 टक्के होते. सुधारणा आहे, पण चारांपैकी तीन मुले अजून अलीकडच्या काठावर आहेत.

तरीही मला वाटते की स्तर ही पहिली चाळणी आहे. वर लिहिलेली बाराखडी म्हणणारा मुलगा आणि ‘स, र, ब, त’ वाचणारी मुलगी या दोघांनाही स्तर निश्चितीच्या दिवशी ‘अक्षर स्तर’ असाच शेरा मिळाला असता. दोघांना एका गटात बसवून एकच खेळ दिला, तर एकाचा वेळ वाया जाणार हे नक्की. म्हणून स्तर ठरला की त्या गटातल्या प्रत्येकाजवळ एकदा तरी बसावे लागते. शिवाय स्तर हा त्या पंधरवड्यापुरता असतो. तो नोंदवहीत एकदा लिहिला की बदलायचा कंटाळा येतो, आणि मग मुलेच स्वतःची ओळख करून देताना ‘मी शब्द स्तर’ असे सांगू लागतात. गटांना मोगरा, जाई, गुलाब अशी नावे दिल्यानेही फारसे काही साधत नाही, कारण कोणता गट मागे आहे हे सहा वर्षांच्या मुलांना दुसऱ्याच दिवशी समजते. गट वारंवार मोडत राहिले, वाचनाचा गट वेगळा, गणिताचा वेगळा, गाण्याचा आणि चित्रांचा वेगळा, असे झाले तरच कोणाच्या कपाळी एकच शिक्का बसत नाही.

‘एवढ्या मुलांत एकेकाजवळ बसायला वेळ कुठून आणायचा?’ हा प्रश्न शिक्षण परिषदेत नेहमी येतो आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पटापर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे एका खोलीत दोन किंवा तीन इयत्ता, आणि त्यातच पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे. यातले बरेचसे काम शिक्षकाच्या डोक्यावरून उतरवलेच पाहिजे, हे मी पुन्हा पुन्हा म्हणत आले आहे. पण आहे त्या परिस्थितीतही एक गोष्ट करता येते. सकाळचा परिपाठ झाल्यावर सगळा वर्ग जोडीने वाचत असतो, मोठा धाकट्याचे ऐकतो, त्या वेळात शिक्षकाने रोज फक्त एकदोन मुलांजवळ बसायचे. फळ्याजवळ उभे राहायचे नाही. प्रत्येक मुलासाठी वहीचे अर्धे पान ठेवायचे आणि त्यावर एकच ओळ लिहायची, उदाहरणार्थ, ‘उकार वाचते, वेलांटी आधीच्या अक्षराला लावते’, किंवा ‘जोडाक्षर आले की शब्द सोडून पुढे जातो’. अशी ओळ लिहिली की उद्या काय करायचे ते ठरते. आणि महिन्याभराने मागची पाने उलटली, तर वर्गातल्या अर्ध्या मुलांची एखादी अडचण सारखीच निघते, मग ती सगळ्या वर्गाला एकदम शिकवता येते. त्यामुळे हे काम वाटते तितके वेळखाऊ राहत नाही.

काही वेळा अडण्याचे ठिकाण वाचनात नसतेच. नातवाला शाळेत सोडायला आलेली एक आजी मला अहिराणीत म्हणाली, ‘बाई, येनं डोकंच चालस नही.’ मी त्याला खिडकीशी नेऊन पुस्तक जवळ धरायला दिले, तर तो वाचू लागला. फळ्यावरचे त्याला दिसत नव्हते, एवढेच. आरोग्य पथकाच्या तपासणीनंतर चष्मा मिळाला. कान फुटलेली, सर्दीने कायम दडे बसलेली मुलेही अशीच, त्यांना ‘प’ आणि ‘ब’ सारखेच ऐकू येतात. डोळे, कान, भूक आणि झोप ही विचारपूस वाचनाच्या आधी करायची असते.

आणि सगळे करून पाहिल्यावरही, कानांनी हुशार, बोलण्यात तरतरीत असलेले एखादे मूल अक्षरांपुढे वर्षानुवर्षे अडतच राहते, तेव्हा अध्ययन अक्षमतेची शक्यता मोकळ्या मनाने विचारात घ्यावी. महाराष्ट्राने 1996 सालीच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. पण सवलत परीक्षेपुरती असते आणि गरज दुसरीतल्या वाचनाची. मुंबई-पुण्यात तपासणीची सोय आहे, तालुक्याच्या गावी ती बहुधा नसते, आणि मराठी माध्यमाच्या मुलाची तपासणी मराठीतच व्हायला हवी हेही अनेकांना समजावून सांगावे लागते. तोवर शिक्षकाच्या हातात जे असते ते म्हणजे त्या मुलाला कमी अक्षरे, जास्त वेळ, बोटाने गिरवणे, वाळूत लिहिणे, आणि त्याच्याकडून तोंडी उत्तरे घेऊन तो ढ नाही हे सगळ्या वर्गासमोर सिद्ध करत राहणे.

आमच्या भागातून दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे जातात. मुलेही जातात. ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्यांना ‘पुन्हा पहिल्यापासून’ शिकवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे. ती सगळे विसरलेली नसतात. बहुतेकांची मुळाक्षरे शाबूत असतात, चिन्हे डळमळलेली असतात आणि जोडाक्षरे शिकवायची राहिलेली असतात. जाताना कुठवर आले होते ते अर्धे पान वहीत असले, तर परतल्यावर नेमके तिथून उचलता येते. ती ज्या गावी जातात तिथल्या शाळेत गुजराती लिपी असते, म्हणून हे पान पालकांच्या पिशवीत देऊनही तिथे फारसे कामी येत नाही, आणि दोन राज्यांच्या शिक्षण विभागांनी यावर एकत्र बसून काही ठरवावे अशी माझी फार इच्छा आहे.

शेवटी अशा मुलांविषयी लिहिते, ज्यांचा विचार ‘गरज’ या शब्दाबरोबर कोणी करत नाही. दरवर्षी पहिलीत एखादी मुलगी वाचता येतच दाखल होते. मोठ्या बहिणीशेजारी बसून, किराणा दुकानाच्या पाट्या बघून, तिने स्वतःच सगळे जमवलेले असते. तिला आम्ही काय देतो, तर इतरांबरोबर ‘अ’पासून सुरुवात, आणि नंतर ‘हुशार आहे ना, मग धाकट्यांना शिकव’ असे काम. धाकट्यांना शिकवण्यात तिलाही आनंद असतो, पण सगळे वर्ष तेच काम देणे म्हणजे तिचे शिक्षण थांबवणे. अशा एका मुलीने पहिलीचे पुस्तक जुलैत संपवले आणि मला विचारले, ‘बाई, आता?’ शाळेच्या कपाटात दोन जातींची पुस्तके होती: पानाला एक ओळ असलेली, जी तिला पुरत नव्हती, आणि मोठ्या मुलांसाठी लिहिलेली, ज्यांतले शब्द तिला वाचता येत पण आशय तिच्या वयाचा नव्हता. सहा वर्षांच्या मुलाला सलग अर्धा तास धरून ठेवील अशी लांब गोष्ट, सोप्या शब्दांत, आणि तीही आमच्या भागातली माणसे, बैल, केळीच्या बागा आणि तापीचा काठ असलेली, मराठीत शोधायला लागले की हात रिकामा येतो. त्या वर्षी आम्ही तिलाच लिहायला लावले. ती रोज एक पान लिही आणि ते पान दुसऱ्या दिवशी ‘शब्द स्तर’च्या मुलांना वाचायला मिळे, कारण त्यांच्या बोलीतले, त्यांच्या गावातले आणि त्यांना झेपेल इतकेच त्यात असायचे. त्या पानांच्या प्रती आम्ही शेजारच्या दोन शाळांना दिल्या आहेत आणि आमच्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, इतर शिक्षकांनी आपापल्या वर्गातली अशीच पाने पाठवावीत असे सुचवले आहे.